धागा : लोरखानचे हृदय आणि काग्रेनॅकची तीन अवजारे

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हा धागा बेथेस्डाने २००२ साली काढलेल्या ‘द एल्डर स्क्रोल्स ३ : मॉरोविंड’ या गेममधील लोरखानच्या हृदयाविषयी, आणि त्या हृदयातील शक्ती काढून घेण्यासाठी घडवलेल्या तीन अवजारांविषयी आहे. आपल्या नाशिककर खेळाडूंपैकी बहुतेकांची या मालिकेशी ओळख ‘स्कायरिम’पासून झाली, म्हणून आधी हकीकत सांगतो आणि मग माझे म्हणणे मांडतो. गेमचा शेवट येथे उघड होणार आहे. ज्यांना तो कोरा खेळायचा असेल त्यांनी पुढे वाचू नये.

लोरखान नावाच्या देवाने इतर देवांना मर्त्य जग घडवायला राजी केले. काही कथांनुसार त्याने त्यांना फसवले. त्या निर्मितीत आपली शक्ती कायमची खर्ची पडली हे लक्षात आल्यावर इतरांनी त्याला ठार केले आणि त्याचे हृदय उपटून काढले, पण ते हृदय काही केल्या नष्ट होईना. अखेर ते बाणाला बांधून समुद्राच्या दिशेने सोडण्यात आले, आणि जेथे ते पडले तेथे लाल पर्वत उभा राहिला. फार पुढे ड्वेमर या यंत्रनिपुण, जमिनीखाली शहरे बांधणाऱ्या जमातीला पर्वताच्या पोटात ते सापडले. त्यांच्यातील काग्रेनॅक या प्रमुख कारागिराने त्यासाठी तीन वस्तू घडवल्या : संडर हा हातोडा, कीनिंग हे आखूड पाते आणि रेथगार्ड हा हातमोजा. हातोड्याच्या घावाने हृदयातून एक शुद्ध स्वर उमटवायचा, पात्याने त्या स्वराचे तुकडे करून त्यातील शक्ती मोकळी करायची, आणि हे करणारा माणूस जिवंत राहावा म्हणून हातमोजा घालायचा, अशी ही योजना. ड्वेमरांना या शक्तीवर चालणारा एक पितळी देव उभा करायचा होता. पहिल्या युगाच्या ७०० व्या वर्षी लाल पर्वतावर युद्ध पेटले, आणि त्या युद्धात ड्वेमरांची संपूर्ण जमात एका क्षणात जगातून नाहीशी झाली.

त्यानंतर अवजारे ज्यांच्या हाती पडली त्या व्हिवेक, आल्मालेक्सिया आणि सोथा सिल या तिघांनी त्यांचा वापर केला आणि ते देव झाले. गेममधील मुख्य शत्रू डॅगोथ उर हाही त्याच हृदयाच्या बळावर अमर झाला. खेळाडू त्या भूमीवर उतरतो तेव्हा पर्वतावरून रोगट राखेची वादळे वाहत असतात, तिन्ही देवांना हृदयापर्यंत पोहोचता येत नसल्यामुळे त्यांची शक्ती आटत चाललेली असते, आणि संडर व कीनिंग डॅगोथ उरच्या गडांमध्ये अडकून पडलेली असतात. हातमोजा व्हिवेककडे असतो आणि तो खेळाडूला देतो. ही अवजारे वापरून हृदय फोडणे हाच गेमचा शेवट.

माझे म्हणणे असे. आजच्या बहुतेक फँटसी गेममध्ये प्राचीन वस्तूचे सामर्थ्य आकड्यांत सांगितले जाते : तलवार इतके नुकसान करते, मुकुटाने मॅजिका (जादूची शक्ती) इतकी वाढते. दहा तासांनी त्याहून मोठा आकडा असलेली वस्तू सापडते आणि आधीची पेटीत पडून राहते. मॉरोविंडमधील या तीन वस्तूंपुढे मात्र खेळाडू खरोखर सावध होतो, कारण हातमोजा घातल्याशिवाय संडर किंवा कीनिंग हाती धरले की आपली हेल्थ भराभर उतरू लागते आणि बहुतेकांचा तेथेच अंत होतो. आपण भाकितातले अवतारी पुरुष, म्हणजे लाल पर्वताच्या युद्धातील नेरेवार या सेनापतीचा पुनर्जन्म, आहोत याने त्यात काहीही फरक पडत नाही. ही गोष्ट पुस्तकात लिहून ठेवलेली आहे, पात्रेही ती सांगतात, आणि शेवटी गेमचे यंत्रच ती अमलात आणते. कथेतले वाक्य आणि गेमचा नियम यांत येथे तसूभरही अंतर नाही, आणि माझ्या मते या वस्तूंचा दरारा त्यातूनच निर्माण होतो.

आपली मते वाचायला आवडतील.

सिडकोवासी

धाग्याबद्दल आभार. तुमच्या म्हणण्याला पुष्टी देणारे सर्वांत ठळक उदाहरण त्याच मालिकेत आहे, आणि ते मला आजही खटकते. २०११ साली आलेल्या स्कायरिममध्ये कीनिंग पुन्हा भेटते. विंटरहोल्डच्या महाविद्यालयात आर्नियल गेन नावाचा एक संशोधक ड्वेमर नाहीसे कसे झाले याचा छडा लावण्यासाठी काग्रेनॅकचा प्रयोग छोट्या प्रमाणावर पुन्हा करून पाहत असतो. त्यासाठी तो आपल्याकरवी कीनिंग मिळवतो, एका विकृत झालेल्या आत्ममण्यावर तिचा घाव घालतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. हा प्रसंग लिहिणाऱ्यांनी फार उत्तम लिहिला आहे.

पण त्यानंतर आपण कीनिंग उचलतो आणि काहीच होत नाही. जे पाते हातात धरल्याने मरण येत होते, तेच पाते आता शत्रूची थोडी हेल्थ, थोडी मॅजिका आणि थोडी स्टॅमिना शोषणारे एक बरे शस्त्र झालेले असते. हृदयच उरले नाही म्हणून पात्यातील विषही गेले, असा खुलासा काही जण देतात, आणि तो पटण्याजोगा आहे. तरी ज्याने मॉरोविंड खेळला आहे त्याचा हात ते उचलताना क्षणभर थांबतो, आणि ज्याने खेळला नाही त्याचा थांबत नाही. स्कायरिमने तो धाक स्वतः निर्माण केला नाही, तो आधीच्या गेमकडून उसना घेतला.

लेणीवाचक

मी या चर्चेत थोडी वेगळ्या बाजूने शिरते. हातमोज्याचा नियम महत्त्वाचा आहेच, परंतु या वस्तूंना प्राचीनपण कशामुळे येते, या प्रश्नाचे उत्तर मला त्यात सापडत नाही. माझ्या मते ते परस्परविरोधी साक्षींमुळे येते.

मॉरोविंडमध्ये लाल पर्वतावर नेमके काय घडले याची एकच हकीकत कोठेही मिळत नाही. तिघा देवांच्या देवळाची अधिकृत शिकवण सांगते की तिघे आपल्या पुण्याईने आणि तपाने देवपदाला पोहोचले आणि नेरेवार युद्धातील जखमांनी मरण पावला. राखेच्या प्रदेशात फिरणाऱ्या टोळ्यांची परंपरा सांगते की तिघांनी नेरेवारचा विश्वासघाताने खून केला आणि अवजारे वापरून देवत्व चोरले. बंडखोर पुरोहितांनी देवळाने दडवलेले कागद जपून ठेवले आहेत. व्हिवेक स्वतः आपल्याला आपली बाजू सांगतो. त्यात अवजारे वापरल्याची कबुली आहे, पण खुनाची नाही. खरे कोणाचे, हे गेम अखेरपर्यंत ठरवून देत नाही, आणि खेळाडूला मिळालेल्या साक्षींवरूनच आपले मत बनवावे लागते.

आपण नाशिकच्या लोकांना ही रीत परकी वाटू नये. आपल्याच त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांमध्ये एकाच संघर्षाच्या दोन बाजू दगडात कोरलेल्या आहेत. दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात आपली दाने मोजून सांगतो, तीन लक्ष गायी दिल्याचे अभिमानाने नोंदवतो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाविषयी, गौतमीपुत्र सातकर्णीविषयी लिहवून घेते की त्याने क्षहरात वंशाचा निःशेष नाश केला. हा लेख तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षातला आहे. एक लेणे पाहून जो माणूस परत जाईल तो उषवदाताला केवळ थोर दाता समजेल, आणि फक्त दुसरे पाहील तो त्याच्या घराण्याला केवळ उच्छेदास पात्र मानील. दोन्ही लेख वाचणाऱ्यालाच त्या काळाची खोली जाणवते, आणि मॉरोविंडच्या लेखकांनी आपल्या कल्पित इतिहासात नेमकी हीच खोली आणली आहे.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती थेट वस्तूंशी निगडित आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे, आणि अनेक नाण्यांवर नव्या ठशाखाली नहपानाचा जुना चेहरा आजही ओळखू येतो. जिंकणाऱ्याने हरलेल्याची वस्तू वितळवली नाही, तिच्यावर स्वतःचे नाव घातले. तिघा देवांनी ड्वेमरांच्या अवजारांचे जे केले ते याहून वेगळे नाही. अवजारे काग्रेनॅकचीच राहिली. देवळाने त्यांच्यावर आपली कथा ठोकली.

देवळालीकर

गोदाकाठ, तुमचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य नाही. हातमोज्याविना मरण येते हे खरे, परंतु तो नियम अखेर आकड्यांचाच आहे. ज्या पात्राची हेल्थ पुरेशी मोठी आहे, किंवा ज्याच्याकडे ती सतत भरून काढणारी औषधे आहेत, त्याला हातमोजा लागत नाही. कमीत कमी वेळात गेम संपवण्याच्या स्पर्धा खेळणारे लोक काही मिनिटांत लाल पर्वत गाठतात, दोन्ही अवजारे उचलतात, औषधे पिऊन तग धरतात आणि हृदय फोडतात. मग तुम्ही म्हणता तो दरारा कोठे गेला?

दुसरे असे की सामर्थ्य दाखवण्याचा तुमचा मार्ग हा एकमेव नव्हे. स्कायरिममधील एल्डर स्क्रोल पाहा. ब्लॅकरीच या प्रचंड भूमिगत गुहेपलीकडील मझार्कच्या मनोऱ्यात ती गुंडाळी मिळते. ती घेऊन आपण जगाच्या माथ्यावर, काळ जेथे जखमी झाला आहे त्या जागी जातो, आणि ती उघडताच प्राचीन काळातील तीन वीर ड्रॅगन आल्डुइनशी लढताना दिसतात. लढून त्याला हरवता येत नाही म्हणून ते याच गुंडाळीने त्याला काळाच्या प्रवाहात पुढे ढकलतात, आणि तो जेथे येऊन पडतो तो काळ म्हणजे आपला काळ. वस्तू एकच, तिचे दोन उपयोग, आणि मध्ये हजारो वर्षे. यात आपल्याला इजा होत नाही, तरी वस्तूची थोरवी कमी झाली असे मला वाटत नाही.

गोदाकाठ

देवळालीकर, तुमचे दोन्ही आक्षेप महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

औषधे पिऊन हृदय फोडता येते हे खरे. पण त्या वेळी काय घडते ते पाहा : खेळाडू हातातून जीव गळत असताना घाव घालत असतो आणि प्रत्येक क्षणी किंमत चुकवत असतो. नियम मोडला गेलेला नाही. तो पूर्णपणे लागू आहे, आणि खेळाडूने त्याचा हिशेब आधीच करून ठेवलेला आहे. गेमने ‘निवडलेल्या माणसाशिवाय हे दार उघडणार नाही’ अशी भिंत घातली असती, तर मला ती वस्तू अधिक दुबळी वाटली असती, कारण मग ते सामर्थ्य वस्तूचे न राहता पटकथेचे झाले असते.

एल्डर स्क्रोलच्या दृश्याविषयी तुम्ही लिहिले ते मला मनापासून पटते. काळाला जखम झालेली जागा ही या मालिकेतील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक आहे. माझी तक्रार त्यानंतरच्या गोष्टींची आहे. तीच गुंडाळी आपण महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला, उराग ग्रो-शुबला, २००० सुवर्णमुद्रांना विकू शकतो. गुंडाळ्या वाचणारे पुरोहित हळूहळू दृष्टी गमावतात असे मालिका आधीपासून सांगत आली आहे, आणि २०१२ च्या ‘डॉनगार्ड’ या विस्तारात डेक्सियन हा पुरोहित खरोखर आंधळा होतो. आपण भलत्या जागी गुंडाळी उघडली तर आपली नजर मात्र काही क्षण अंधारते आणि पूर्ववत होते. किंमत नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी पदरी जाते. खेळाडूची दृष्टी कायमची थोडी मंद करण्याचे धाडस गेमने दाखवले असते, तर लोकांनी कुरकुर केली असती हे मला समजते. पण ती गुंडाळी कोणीही २००० नाण्यांना विकली नसती.

लेणीवाचक, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या मांडणीतील उणीव भरून निघाली. नियम आणि साक्षी या दोन्ही गोष्टी हव्यात. जोगळटेंभीच्या नाण्यांचा दाखला तर मी पुढे अनेकांना सांगणार आहे.

मखमलाबाद

व्हिवेकने हातमोजा दिला नाही, किंवा आपण व्हिवेकलाच मारले, तर गेम अडकून पडतो का?

सिडकोवासी

अडकत नाही, आणि या गेमचे मोठेपण त्यातही आहे. महत्त्वाचे पात्र मेले तर भाकिताचा धागा तुटला असल्याची सूचना येते आणि जुन्या सेव्हवर परत जायचे की या बिघडलेल्या जगात पुढे चालायचे हा निर्णय आपल्यावर सोपवला जातो. पुढे चालायचे ठरवले तरी एक वाट शिल्लक असते.

व्हिवेकच्या देहाजवळ हातमोजा निष्क्रिय स्वरूपात मिळतो. तो घेऊन टेल फिर या जादूगाराच्या मनोऱ्यात, कॉर्प्रस या शरीर विद्रूप करणाऱ्या रोगाचे रोगी ठेवलेल्या तळघरात जावे लागते. तेथे यॅग्रम बगार्न हा शेवटचा ड्वेमर राहतो. आपली जमात नाहीशी झाली तेव्हा तो दुसऱ्या लोकात होता, म्हणून वाचला. परत आला तेव्हा सगळी शहरे रिकामी होती. आता रोगाने फुगलेले शरीर यांत्रिक पायांवर पेलत तो जगतो आहे. काग्रेनॅकची टिपणे त्याला आणून दिली तर तो हातमोजा कसाबसा चालू करून देतो. मात्र ही दुरुस्ती ओबडधोबड असते, आणि तो प्रथम घालताच आपली हेल्थ मोठ्या प्रमाणात व कायमची कमी होते. दुबळे पात्र तेथेच मरते. धागाकर्त्यांच्या म्हणण्यातील किंमत येथे अगदी शब्दशः वसूल होते.

ज्या जमातीने ही वस्तू घडवली तिचा शेवटचा माणूस आपल्या सहकाऱ्याची अक्षरे वाचून ती दुरुस्त करतो, हे मला मुख्य कथेतील कोणत्याही प्रसंगापेक्षा अधिक हृद्य वाटते. आपल्या लोकांचे काय झाले हे त्यालाही ठाऊक नाही, आणि तो तसे स्पष्ट सांगतो.

पंचवटीकर

मी हा गेम अद्याप खेळलेलो नाही, मात्र रहस्य उघड होण्याची चिंता न करता पूर्ण धागा वाचला. सिंहस्थाच्या निमित्ताने अमृतकलशाची कथा आपल्या रामकुंडावर लहानपणापासून ऐकत आलो असल्यामुळे एक गोष्ट सुचली, ती लिहितो.

अमृत हे पिणाऱ्याची पात्रता पाहत नाही. देवांच्या पंगतीत वेष पालटून बसलेल्या स्वर्भानूने ते प्यायले. सुदर्शनाने त्याचे मस्तक उडवले, तरीही राहू आणि केतू होऊन तो उरलाच. त्याला मारणे विष्णूलाही शक्य राहिले नाही, कारण अमृताने आपले काम केले होते. तुम्ही वर्णन केलेले हृदय मला त्याच जातीचे वाटते. डॅगोथ उर असो वा तिघे देव, जो त्याच्यापर्यंत पोहोचला त्याला ते शक्ती देते. योग्य माणसाच्याच हाती येणाऱ्या तलवारींपेक्षा ही कल्पना मला अधिक भीतिदायक वाटते. मॉरोविंडमध्ये पात्रता तपासणारी वस्तू एकही नाही काय?

गोदाकाठ

आहे, आणि तुमच्या प्रश्नामुळे ती येथे मांडायची संधी मिळाली. चंद्र-तारा नावाची नेरेवारची अंगठी देवी अझुरा आपल्याला गुहेत देते. नेरेवारखेरीज इतर कोणी ती बोटात घातली तर तो तत्काळ मरतो, अशी तिची ख्याती. आपण ती घालतो आणि जगतो, हीच आपल्या अवताराची खूण मानली जाते.

एकाच गेममध्ये ही दोन टोके शेजारी ठेवलेली आहेत. अंगठी विचारते की तू कोण आहेस. संडर आणि कीनिंग काहीच विचारत नाहीत. अंगठी बोटात असलेल्या माणसालाही हातमोज्याविना ती इतरांसारखीच जाळतात. म्हणून मला असे वाटते की भाकितावर कितपत विश्वास ठेवायचा, या गेमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर लेखकांनी संवादांपेक्षा या वस्तूंमधून दिले आहे. तुमची अमृताची तुलना मला नेमकी वाटते. हृदय शाबूत असेपर्यंत डॅगोथ उरला कितीही वेळा मारले तरी तो परत येतो. म्हणून शेवटी लढत त्याच्याशी नसते, तो मागून वार करत असताना आपल्याला हृदयावर घाव घालावे लागतात. आधी संडरचा घाव, मग कीनिंगचे, असा क्रम आहे.

आणि त्याचे परिणामही दूरवर जातात. राखेची वादळे थांबून पर्वतावरचे आकाश निवळते, पण व्हिवेकचे देवत्वही त्याच घावांनी संपते. त्याच्या शहरावर अधांतरी राहिलेला प्रचंड खडक मालिकेच्या पुढील इतिहासात कोसळतो, लाल पर्वताचा उद्रेक होतो, आणि २०१२ च्या ‘ड्रॅगनबॉर्न’ विस्तारात सोल्स्थाइम बेटाचा दक्षिण भाग राखेखाली गेलेला आपण स्वतः पाहतो. वीर म्हणून केलेल्या कृत्याची किंमत एका संपूर्ण प्रदेशाने चुकवली, हे गेममध्ये असे प्रत्यक्ष दाखवायला मालिकेला दहा वर्षे लागली.

लेणीवाचक

या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. देवळातील साधे भाविक तिघांवर खरोखर श्रद्धा ठेवणारे होते, आणि हृदय फुटल्यावर त्यांच्या हाती काय उरले याचा विचार खेळाडूंनी फारसा केलेला दिसत नाही.

देवळालीकर

माझे मत थोडे बदलले आहे, पूर्ण नाही. एल्डर स्क्रोलचे दृश्य मी आजही वरचे मानतो. परंतु हातमोजा आणि अंगठी यांच्यातील फरक मी कधी ध्यानात घेतला नव्हता.

पंचवटीकर, तुम्ही गेम सुरू करणार असाल तर जुन्या प्रतीबरोबर ‘ओपनएमडब्ल्यू’ हे मुक्त इंजिन वापरावे, म्हणजे आजच्या संगणकांवर तो नीट चालतो. क्वेस्टची जागा दाखवणारा बाण या गेममध्ये नसतो. वाटा लोक बोलून सांगतात आणि त्या नोंदवहीतून वाचून काढाव्या लागतात, तेव्हा सुरुवातीला थोडा धीर धरावा.

पंचवटीकर

आभारी आहे. पहिल्या खेपेला व्हिवेककडून हातमोजा घ्यावा, की यॅग्रमच्या वाटेने जावे?

गोदाकाठ

पहिल्या खेपेला व्हिवेककडेच जावे. त्याआधी टोळ्यांच्या ज्ञानी स्त्रियांची हकीकत ऐकावी, बंडखोर पुरोहितांचे कागद वाचावेत, आणि मग व्हिवेक आपली बाजू सांगेल ती ऐकून घ्यावी. हा क्रम उलटा झाला तर त्याच्या शब्दांचे वजन कळत नाही. कीनिंग ओड्रोसालमध्ये आहे आणि संडर व्हेमिनालमध्ये, दोन्ही लाल पर्वतावरच. ती हाती आल्यावर एक वेगळा सेव्ह ठेवून हातमोजा एकदा मुद्दाम उतरवून पाहावा. यॅग्रमला मात्र दोन्ही वाटांवर भेटावे, त्याच्याकडून काही काम नसले तरीही.